वाचकांचे प्रश्न: चाके, कॅलिपर आणि सिरॅमिक कोटिंग

प्रश्न (एक वाचक, पुणे): नवी गाडी घेऊन सहा महिने झाले. गाडी धुतल्यावर आठवडाभरातच पुढची दोन्ही अलॉय चाके काळपट-तपकिरी होतात, मागची मात्र बऱ्यापैकी स्वच्छ राहतात. डिटेलिंगचे दुकानदार चाकांना आणि ब्रेक कॅलिपरना (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागांना) सिरॅमिक कोटिंग करून घ्या, मग पाच वर्षे बघायला नको, असे सांगतात. हा खर्च करावा का?

उत्तर: आपल्या पुढच्या चाकांवर बसणारी घाण ही रस्त्यावरच्या धुळीपेक्षा ब्रेकची भुकटी अधिक आहे. ब्रेक दाबला की पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या डिस्कवर घासतो आणि दोन्हींची थोडी थोडी झीज होते. त्या भुकटीत लोखंडाचे बारीक कण, पॅडमधील राळ, ग्रॅफाइट आणि धातूचे तंतू असतात. हे कण तापलेले असतानाच चाकावर आदळतात आणि क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, रुतून बसतात. पुढे दमट हवेत त्यांतले लोखंड गंजू लागले की साध्या शाम्पूने न निघणारे तांबूस ठिपके दिसू लागतात. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढच्या बाजूला येत असल्यामुळे गाडी थांबवण्याचे बहुतांश काम पुढचे ब्रेक करतात. शिवाय आपल्याकडच्या अनेक गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात आणि ड्रममधली भुकटी बरीचशी आतच राहते. मागची चाके स्वच्छ दिसतात ती यामुळे.

सिरॅमिक कोटिंग हा सिलिका किंवा पॉलिसिलाझेन यांवर आधारलेला द्रव असतो. त्यातील विद्रावक उडून गेला की उरलेला भाग हवेतील ओलाव्याच्या साहाय्याने पक्का होतो आणि कठीण, पारदर्शक थर तयार होतो. या थराची जाडी एक-दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इतकीच असते. गाडीच्या बॉडीवरचा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या थराकडून काय अपेक्षा ठेवायची हे ठरवता येते. फुटपाथच्या कडेला चाक घासले तर ओरखडा पडणारच आणि खडी उडाली तर टवका जाणारच. बाटलीवर छापलेले ‘९एच’ हे पेन्सिलच्या शिसाने रंगाचा थर तपासण्याच्या चाचणीतले माप आहे. खनिजांच्या काठिण्याच्या मोजपट्टीशी त्याचा संबंध नाही.

मग फायदा कोणता? पृष्ठभाग गुळगुळीत आणि पाणी न धरणारा होतो, भुकटी घट्ट रुतत नाही आणि रासायनिक क्लीनर न वापरता, साध्या पाण्याने, सौम्य शाम्पूने आणि मऊ फडक्याने चाक स्वच्छ होते. भुकटी येणे थांबत नाही, ती काढणे सोपे होते. नवी, रंगवलेली अलॉय चाके असतील आणि आपण गाडी घरी धूत असाल, तर हा खर्च योग्य आहे असे माझे मत आहे. पाच वर्षांच्या आश्वासनावर मात्र विसंबू नये. बॉनेटच्या तुलनेत चाकांना उष्णता, खडी आणि रसायने यांचा मारा कितीतरी अधिक सोसावा लागतो, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांनी थर पुन्हा द्यावा लागेल असे धरून चालावे. आणखी एक उपाय पॅड बदलण्याची वेळ आल्यावर करता येईल: आपल्या मॉडेलसाठी कमी भुकटी पाडणारे सिरॅमिक मिश्रणाचे पॅड अधिकृतपणे मिळत असतील, तर ते बसवून घ्यावेत. त्याने घाण मुळातच कमी होते.

प्रश्न (एक वाचक, कोल्हापूर): कोटिंगची बाटली आणली आहे. घरीच, चारही चाके काढून काम करण्याचा विचार आहे. कोणती काळजी घ्यावी?

उत्तर: घरी हे काम नीट होऊ शकते, परंतु त्यातला मोठा वाटा कोटिंग लावण्याचा नसून त्याआधीच्या सफाईचा आहे. चाकावर राहिलेली घाण कोटिंगखाली कायमची बंद होते.

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करावी, हँडब्रेक लावावा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दगडाची किंवा ठोकळ्याची ओट लावावी आणि एका वेळी एकच चाक काढावे. निव्वळ जॅकच्या भरवशावर गाडी उचलून ठेवून काम करू नये. खाली पक्का स्टँड हवाच. चाक पूर्ण थंड असले पाहिजे. आधी भरपूर पाण्याने मोकळी घाण घालवावी, मग शाम्पूने आतला नळकांडीसारखा भाग आणि आऱ्यांच्या मागच्या बाजू ब्रशने घासाव्यात. त्यानंतर आयर्न रिमूव्हर फवारावा. त्यातले थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावते आणि पारदर्शक द्रव बघता बघता जांभळा होऊन आऱ्यांवरून ओघळू लागतो. नवीन वाटणाऱ्या चाकावरही तो बराच जांभळा होतो, यावरून किती लोखंड रुतले होते ते कळते. त्याचा वास उग्र असतो, म्हणून हातमोजे घालावेत आणि काम मोकळ्या हवेत करावे. द्रव चाकावर वाळू देऊ नये. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढावेत, तरीही हाताला खरखर लागली तर क्ले बार (रुतलेले कण उचलणारी मातीसारखी मऊ वडी) फिरवावा, आणि चाक पूर्ण वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा घालवावा.

कोटिंग सावलीत लावावे. एका वेळी एकच आरा किंवा आतल्या भागाचा वीतभर पट्टा घ्यावा, थर पातळ द्यावा आणि पृष्ठभागावर इंद्रधनुषी झाक दिसू लागली की स्वच्छ मायक्रोफायबरने पुसून समतल करावा. किती वेळ थांबायचे ते हवेवर अवलंबून असते. पावसाळ्यात दमटपणा जास्त असल्याने थर लवकर धरतो आणि पुसायला उशीर झाला तर काळसर डाग राहतात, जे नंतर पॉलिश करूनच निघतात. मे महिन्यात तापलेल्या अलॉयवरही हेच होते. आपल्या भागात दिवाळीनंतरचे, फेब्रुवारीपर्यंतचे दिवस या कामाला सर्वांत सोयीचे आहेत. पहिले २४ तास चाकाला पाणी लागू देऊ नये आणि आठवडाभर शाम्पू वापरू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चाकाची हबवर (चाक ज्यावर बसवतात त्या भागावर) टेकणारी मागची बाजू, नट बसतात त्या खाचा आणि नट-बोल्टचे आटे यांना कोटिंगचा थेंबही लागू देऊ नये. आटे किंवा खाचा निसरड्या झाल्या तर पाना तोच टॉर्क (आवळण्याचा जोर) दाखवत असला तरी बोल्टवर प्रत्यक्षात जास्त ताण येतो. नट आधी हाताने, मग समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळावेत आणि शेवटी टॉर्क रेंच वापरून गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापापर्यंत न्यावेत. बहुतेक लहान-मध्यम गाड्यांत ते ९० ते १२० न्यूटन-मीटरच्या आसपास असते. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालवल्यावर नट पुन्हा तपासावेत.

प्रश्न (एक वाचक, सातारा): महाबळेश्वरहून पोलादपूरला नेहमी जाणे-येणे असते. घाट उतरताना ब्रेक तापतात. कॅलिपरवरचे कोटिंग जळेल का? की कोटिंगमुळे उष्णता आत कोंडून ब्रेक निकामी होतील?

उत्तर: दोन्ही शंका रास्त आहेत. सुमारे १,३५० मीटर उंचीवरून आंबेनळी घाटाने कोकणात उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवले, तर डिस्क काही शे अंशांपर्यंत तापू शकते. कॅलिपर डिस्कपेक्षा बराच थंड असतो, आणि तो तसाच राहणे आवश्यकही आहे, कारण त्याच्या आत ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा दाब ब्रेकपर्यंत पोहोचवणारा द्रव, असते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो आणि त्याने ओलावा शोषल्यानंतर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. चाकांसाठी म्हणून विकले जाणारे कोटिंग साधारणतः याहून अधिक तापमान सोसते. म्हणजे कोटिंगला धोका पोहोचण्याइतका कॅलिपर तापला, तर त्याआधीच फ्लुइड उकळून पेडल खोल जाईल आणि ब्रेक नीट लागणार नाहीत. आपण कोटिंगपेक्षा फ्लुइडची चिंता करावी, ते दर दोन वर्षांनी बदलावे आणि घाट खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या रोधावर उतरावा. उष्णता कोंडण्याचे म्हणाल, तर मायक्रॉनभर थराने कॅलिपरच्या थंड होण्यात जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

मात्र कॅलिपरला सिरॅमिक कोटिंग करण्याची गरज आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. कारखान्यातून लाल किंवा पिवळे रंगवून आलेले कॅलिपर असतील, तर त्या रंगावर कोटिंग उपयोगी पडते. आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांचे कॅलिपर न रंगवलेले, खडबडीत ओतीव बिडाचे असतात. त्यांवर पारदर्शक थर नीट पुसता येत नाही आणि खालचा गंज दिसतच राहतो. अशा कॅलिपरचा गंज तारेच्या ब्रशने काढून, ब्रेक क्लीनरने धुऊन त्यांना उष्णतारोधक कॅलिपर पेंट देणे हेच योग्य ठरते.

यांपैकी काहीही करताना डिस्कचा घासला जाणारा पृष्ठभाग, पॅड, पॅड सरकतात त्या जागा, गाइड पिनची आणि पिस्टनची रबरी बुटे (आवरणे) आणि ब्लीड निपल (फ्लुइडमधली हवा काढण्याचे तोंड) पूर्ण झाकून घ्यावेत. फवारा मारण्याऐवजी फडक्याने किंवा बारीक ब्रशने लावावे. कॅलिपर सोडवलाच तर तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने वर बांधावा. डिस्कला कोटिंग लागल्याची शंका आली तर ब्रेक क्लीनरने ती लगेच पुसून काढावी; पॅडमध्ये ते मुरले असेल तर पॅड बदलावेत, त्यात काटकसर करू नये. काम झाल्यावर इंजिन चालू करून पेडल घट्ट होईपर्यंत दाबावे आणि मगच, मोकळ्या जागी, अगदी हळू गाडी चालवून ब्रेक तपासावेत. ही तपासणी न करता गाडी ग्राहकाच्या हाती देणाऱ्या दुकानात मी कॅलिपरचे काम कधीही देणार नाही.

प्रश्न (एक वाचक, मालवण): पाच वर्षांच्या डायमंड कट अलॉयवर, क्लिअर कोटच्या खाली, अळीने पोखरल्यासारख्या पांढरट रेषा पसरत आहेत. कोटिंगने त्या थांबतील का?

उत्तर: नाही. डायमंड कट चाकाचा चकाकता भाग म्हणजे लेथवर कापलेले उघडे ॲल्युमिनियम असते आणि त्यावर केवळ पारदर्शक लॅकर असते. खडीने किंवा फुटपाथने लॅकरला बारीकशी चीर पडली की समुद्राच्या हवेतील क्षार आणि ओलावा आत शिरतात आणि गंज लॅकरच्या खालून रेषारेषांनी सरकत जातो. वरून कोटिंग दिल्याने आत शिरलेले क्षार बाहेर येत नाहीत. चाक पुन्हा कापून नवे लॅकर द्यावे लागेल. ते कितीदा करता येईल याला मर्यादा आहे, कारण दर खेपेला धातू कमी होतो. यापुढे आपल्या हवेत साधी, पूर्ण रंगवलेली चाके अधिक टिकतील. त्यांवर सुरुवातीलाच कोटिंग द्यावे आणि किनाऱ्यावरून आल्यावर ती गोड्या पाण्याने धुवावीत.

प्रश्न (एक वाचक, सांगली): कोटिंगनंतर गाडी वॉशिंग सेंटरला दिली तर चालेल का?

उत्तर: चालेल, पण चाकांसाठी आम्लयुक्त क्लीनर वापरू नये असे स्पष्ट सांगावे. हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असलेला द्रव सिलिकाच विरघळवतो, म्हणजे आपले कोटिंगही, आणि तो धुणाऱ्या कामगाराच्या हातांनाही अत्यंत घातक आहे. गाडीखाली डिझेल मारण्याची पद्धत असेल तर तीही नाकारावी. त्याचे तुषार डिस्कवर बसतात. बोअरचे पाणी वापरले जात असेल तर चाके लगेच कोरडी करून घ्यावीत, कारण क्षारांचे पांढरे डाग कोटिंगवरही धरतात.

प्रश्न (एक वाचक, ठाणे): विजेवर चालणाऱ्या गाडीच्या चाकांना कोटिंग हवे का?

उत्तर: घाई नाही. या गाड्यांत वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करते, त्यामुळे ब्रेकची भुकटी कमी पडते. युरोपात नव्या मॉडेलांना नोव्हेंबर २०२६ पासून लागू होणाऱ्या युरो ७ या प्रदूषणविषयक नियमांतही बहुतेक मोटारींना ब्रेकच्या कणांची मर्यादा किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम आणि निव्वळ विद्युत मोटारींना ३ मिलिग्रॅम अशी वेगवेगळी आहे. आपल्या गाडीत उलट अडचण येऊ शकते: कमी वापरामुळे पावसाळ्यात डिस्कवर गंज चढतो. मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना अधूनमधून ब्रेक थोडे जोरात लावावेत, म्हणजे तो निघून जातो.