अलामोचा वेढा, क्रॉकेट आणि आपले राणे

प्रश्न : बाई, माझा भाऊ टेक्सासला शिकतो. त्याने सॅन अँटोनियोमधल्या अलामोचे फोटो पाठवले. डेव्ही क्रॉकेट नावाचा शिकारी तिथे शेवटच्या श्वासापर्यंत लढला, आणि त्यांच्या नायकाने तलवारीने मातीत रेघ ओढून ‘मरायची तयारी असेल त्याने रेघ ओलांडावी’ असे म्हटले, असे त्याला सांगण्यात आले. हे खरे का? पोर्तुगीजांविरुद्ध उठलेल्या आपल्या दीपाजी राण्यांशी या लोकांची तुलना होईल का?
– एक विद्यार्थिनी, वाळपई

उत्तर : वेढा खरा आणि त्यातले मरणही खरे. टेक्सास तेव्हा मेक्सिकोचा भाग होता. २३ फेब्रुवारी १८३६ रोजी मेक्सिकोचा सत्ताधीश सान्ता आन्ना फौज घेऊन सॅन अँटोनियोत आला आणि टेक्सासचे बंडखोर अलामो या जुन्या स्पॅनिश मिशनच्या आवारात कोंडले गेले. पाद्र्यांनी धर्मकार्यासाठी बांधलेली ती जागा, किल्ला नव्हेच. भिंती लांबलचक आणि त्या राखायला माणसे दोनशेच्या आसपास. तेरा दिवस त्यांनी ती राखली. ६ मार्चला उजाडण्यापूर्वीच मेक्सिकन शिपाई भिंती चढून आत आले आणि सूर्य वर येईपर्यंत सगळे आटोपले होते.

त्यांचा नायक ट्रॅव्हिस अवघा सव्वीस वर्षांचा. दुसऱ्याच दिवशी त्याने बाहेर पत्र धाडले, की मदत पाठवा, मी शरण जाणार नाही. त्या हाकेला गोन्झालेस गावातून बत्तीसजण आले. १ मार्चला शत्रूच्या गराड्यातून वाट काढून ते आत शिरले. आत काय वाढून ठेवले आहे हे त्यांना दिसत होते, तरी शिरले. मला विचारशील, तर या सगळ्या हकिगतीत माझे मन सर्वांत जास्त त्या बत्तीस माणसांपाशी थांबते. २ मार्चला दुसऱ्या एका गावी टेक्सासचे स्वातंत्र्य जाहीर झाले, पण आतल्यांना ते कळले नाही.

रेघेची गोष्ट मात्र मी वर्गात इतिहास म्हणून सांगणार नाही. ती छापून आली १८७३ मध्ये, म्हणजे वेढ्यानंतर सदतीस वर्षांनी, तीही ऐकीव.

क्रॉकेट त्या पहाटे अलामोत मेला, एवढे नक्की. कसा मेला यावर वाद आहे. दे ला पेन्या या मेक्सिकन अधिकाऱ्याच्या नावावरच्या आठवणींत, काही जणांना जिवंत पकडून सान्ता आन्नासमोर ठार केले आणि त्यांत क्रॉकेट होता, असे लिहिले आहे. काही अभ्यासकांना ते मान्य आहे, काहींना नाही. पकडून मारला गेला म्हणून त्याचे शौर्य उणे होते, असे मला मुळीच वाटत नाही. त्याची छाती मला दिसते ती १८३० साली. तेव्हा तो टेनेसीचा खासदार होता. मूळ रहिवासी जमातींना त्यांच्या जमिनींवरून पश्चिमेकडे हाकलण्याचा कायदा अध्यक्ष जॅक्सन आणत होते. टेनेसीच्या खासदारांपैकी एकट्या क्रॉकेटने त्याच्या विरोधात मत दिले. पुढच्याच वर्षी तो निवडणूक हरला. १८३३ ला पुन्हा निवडून आला, १८३५ ला परत हरला आणि मग टेक्सासकडे निघाला. जंगलातल्या शिकाऱ्याच्या गोष्टी मुलांनी जरूर वाचाव्यात, पण हे मतही त्यांना सांगितले पाहिजे.

आता ज्याबद्दल हे सारे लढले, ते स्वातंत्र्य. सान्ता आन्नाने मेक्सिकोची १८२४ ची राज्यघटना मोडीत काढून सत्ता आपल्या मुठीत घेतली होती, हे खरेच. म्हणून तिथले स्पॅनिश बोलणारे जुने रहिवासीही बंडात होते. ग्रेगोरियो एस्पार्झा अलामोत मेला. त्याचा भाऊ फ्रान्सिस्को मेक्सिकोच्या बाजूला होता. इतरांची प्रेते जाळली गेली. फ्रान्सिस्कोने परवानगी मागून भावाला मूठमाती दिली. पण दुसरी बाजूही आहे. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली होती, आणि अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेल्या वसाहतवाल्यांना कापसाच्या शेतीसाठी गुलाम हवे होते. नव्या टेक्सासच्या घटनेने गुलामगिरीला संरक्षण दिले. ट्रॅव्हिसचा ‘जो’ नावाचा गुलाम अलामोतून वाचला. टेक्सासच्या पुढाऱ्यांना त्याने आत काय घडले ते सांगितले, आणि त्यानंतर त्याला मेलेल्या मालकाची मालमत्ता म्हणून परत देण्यात आले. २१ एप्रिल १८३६ ला सॅन हसिंतोला टेक्सासने अठरा मिनिटांत लढाई जिंकली होती. बरोबर एका वर्षाने, त्याच तारखेला, ‘जो’ पळून गेला. भावाला विचार, तिथे ‘जो’बद्दल काही ऐकले का.

राण्यांशी तुलना करायची तर हा फरक आधी धर. अलामोतले बहुतेकजण त्या मुलखात काही महिन्यांपूर्वी किंवा फार तर काही वर्षांपूर्वी आलेले. राणे गोव्यातल्या सत्तरीतलेच, आपल्याच मुलखातल्या हक्कांसाठी ते पोर्तुगीज सत्तेवर उठले. दुसरा फरक युद्धाचा. दीपाजींनी २६ जानेवारी १८५२ ला नाणूसचा किल्ला घेतला, पण त्याच्या भिंतींआड ते अडकून पडले नाहीत. सत्तरीचे रान आणि घाट पाठीशी घेऊन १८५५ पर्यंत त्यांनी पोर्तुगीजांना झुंजवले आणि शेवटी सरकारला तडजोड करावी लागली. टेक्सासचा सेनापती ह्यूस्टन यालाही अलामो सोडून द्यावा असेच वाटत होते. तो पुढे जिंकला, तो आधी माघार घेऊन.

प्रश्न : आमच्या फोंड्यालाही असा वेढा पडला होता म्हणतात. कधी?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : नोव्हेंबर १६८३. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर तोफा घेऊन फोंड्याच्या किल्ल्यावर चालून आला. तटाला खिंडार पडले, तरी येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी यांनी किल्ला सोडला नाही. कृष्णाजी जबर जखमी झाले आणि पुढे त्यातच गेले. मात्र अलामोला जी मोठी कुमक शेवटपर्यंत मिळाली नाही, ती इथे वेळेवर पोचली. संभाजी महाराज स्वतः फौज घेऊन आले आणि व्हाइसरॉयला वेढा उठवून परतावे लागले. त्याच महिन्यात मराठ्यांनी मांडवीतले जुवे बेट घेतले.