सायकल घेऊ का? पण नागपूरचं ऊन!

प्रश्न : मानेवाड्याहून सीताबर्डीला रोज स्कूटरने जाते, जाऊन-येऊन १२ किलोमीटर. सायकल घ्यावी म्हणते. पण माझ्या एकटीमुळे प्रदूषण कितीसं कमी होणार? आणि ऊन? – एक वाचक, मानेवाडा

उत्तर : ताई, आधी हिशेब. स्कूटर लिटरला ४५ देते असं धरू. वर्षाचे २५० दिवस म्हणजे ३,००० किलोमीटर, साधारण ६७ लिटर पेट्रोल. लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. पाऊण किलोच्या पेट्रोलातून एवढं कसं निघतं, असं माझा पुतण्या भांडला होता. कार्बन पेट्रोलातला, ऑक्सिजन मात्र हवेतला, आणि जास्तीचं वजन त्याचंच. वर्षाला झाले दीडशे किलो. एप्रिल-मे सोडले तरी सव्वाशे.

ते दोन महिने सोडाच. पारा ४५ च्या वर गेला की हट्ट कामाचा नाही, सरळ ‘आपली बस’ धरा. मी स्वतः एकदा मे महिन्यात दुपारी दोनला मेडिकल चौकातून निघालो. सीट असं तापलेलं की उभ्यानेच पायडल मारत घरी आलो, बायको अजून हसते! तेव्हापासून सीटवर ओला रुमाल, डोक्याला दुपट्टा. खिशातल्या कांद्याचं आजीला विचारा, मी त्यात पडत नाही.

गिअरची महागडी सायकल नको, आपला रस्ता सपाट आहे. मडगार्ड आणि मागचा लाल दिवा मात्र हवाच. आणि घ्यायचीच तर दिवाळीनंतर घ्या, थंडीत सवय लागते.