वाचकांचे प्रश्न : कोडे-कादंबरीतील खुणा कशा ओळखाव्यात?

प्रश्न : आमच्या वाचनगटाने ‘केन्स जॉबोन’ ही रहस्यकथा घेतली असून तिची शंभर पाने सुटी करून वाचनालयाच्या भिंतीवर लावली आहेत. प्रत्येकाला रोज नवा सुगावा लागतो, आणि एकाचा सुगावा दुसऱ्याच्या सुगाव्याशी जुळत नाही. लेखकाने मुद्दाम ठेवलेली खूण कोणती आणि आमच्या मनाने रचलेली कोणती, हे कसे ओळखावे?
(वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपण विचारलेला प्रश्न या छंदाच्या मुळाशी जाणारा आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. हे पुस्तक ज्यांनी वाचलेले नाही त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. ‘द ऑब्झर्व्हर’ या ब्रिटिश वृत्तपत्रासाठी ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने शब्दकोडी रचणारे एडवर्ड पॉविस मॅथर्स यांनी 1934 साली आपल्या कोड्यांच्या संग्रहात ही शंभर पानी कथा छापली. पाने मुद्दाम चुकीच्या क्रमाने लावलेली होती, आणि वाचकाने ती योग्य क्रमाने लावून सहा खुनांतील मारणारे आणि मारले गेलेले ओळखावेत, अशी अट होती. प्रत्येक पान पूर्ण वाक्यावर संपत असल्यामुळे अर्धवट वाक्याच्या आधाराने पुढचे पान शोधण्याची सोय लेखकाने ठेवलेली नाही. शंभर पाने किती प्रकारे लावता येतील याचा हिशेब केला, तर 158 अंकी संख्या येते. त्यामुळे सगळ्या शक्यता तपासून पाहण्याचा मार्ग संगणकालाही बंद आहे, आणि वाचन हाच एक मार्ग उरतो.

आता मुख्य मुद्दा. खुणा सापडत नाहीत म्हणून हा शोध अडतो असे मला वाटत नाही. खुणा फार सापडतात म्हणून तो अडतो. शंभर पानांच्या दाट मजकुरात योगायोगाने जुळणाऱ्या गोष्टी असणारच. दोन पानांवर एकच फूल येईल, एकच नाव येईल, एकच वार येईल, आणि शोधणाऱ्याचे मन त्यांतून लगेच धागा काढील. लेखकाने ठेवलेल्या खुणेला मात्र एक गुण असतो, जो योगायोगाला सहसा नसतो : ती स्वतःच्या बरोबर असण्याचा पुरावा दुसऱ्या एखाद्या ठिकाणी ठेवून जाते.

याचे मला माहीत असलेले सर्वांत सुंदर उदाहरण किट विल्यम्स या इंग्रज चित्रकाराच्या ‘मास्करेड’ या पुस्तकाचे आहे. 1979 साली निघालेल्या या पुस्तकात पंधरा चित्रे आहेत आणि प्रत्येक चित्राच्या चौकटीभोवती अक्षरे लिहिलेली आहेत. विल्यम्स यांनी स्वतः घडवलेला अठरा कॅरट सोन्याचा रत्नजडित ससा इंग्लंडमध्ये जमिनीत पुरून ठेवला होता, आणि तो कोठे आहे हे चित्रांवरून ओळखायचे होते. (धातूशोधक यंत्राला तो सापडू नये म्हणून त्यांनी तो मातीच्या भाजलेल्या सशाच्या आत बंद केला होता, यंत्राने नव्हे, डोळ्यांनी शोधणाऱ्यालाच तो मिळावा ही त्यांची इच्छा मला फार मोलाची वाटते.) चित्रांतल्या प्रत्येक पानाफुलावरून, आकड्यावरून आणि प्राण्यावरून लोकांनी तर्क लढवले, जागोजागी जमीन खणली आणि चित्रकाराला हजारो पत्रे पाठवली. त्यांतले पुष्कळ तर्क अतिशय हुशारीचे होते, पण त्यांना दुसरीकडून दुजोरा मिळत नव्हता.

खरी युक्ती ऐकायला साधी आहे. चित्रातल्या माणसाच्या किंवा प्राण्याच्या डाव्या डोळ्यापासून डाव्या हाताच्या सर्वांत लांब बोटातून सरळ रेघ काढायची, ती चौकटीतल्या ज्या अक्षराला लागेल ते अक्षर घ्यायचे. मग त्याच डोळ्यापासून डाव्या पायाच्या बोटातून, आणि त्यानंतर उजव्या बाजूनेही तसेच करायचे. असे केल्यावर प्रत्येक चित्रातून एक शब्द किंवा लहानसा शब्दगट निघतो. सगळे एकत्र वाचले की कॅथरिनचे लांब बोट, त्याची जमिनीवर पडणारी सावली, पुरलेला पिवळा अलंकार, माध्यान्हीची वेळ आणि विषुवदिनाचा प्रकाश असा अर्थ लागतो. बेडफर्डशायरमधील ॲम्पथिल पार्क येथे आठव्या हेन्रीची पहिली राणी, ॲरगॉनची कॅथरिन, हिच्या स्मरणार्थ उभारलेला एक क्रूस आहे, आणि विषुवदिनी भर दुपारी त्याच्या सावलीचे टोक जेथे पडते तेथे ससा पुरलेला होता.

मी ज्या दुजोऱ्याविषयी बोलत होतो तो यापुढे आहे. पंधरा चित्रांतून निघालेल्या पंधरा शब्दगटांची आद्याक्षरे इंग्रजीत ओळीने मांडली, तर ‘क्लोज बाय ॲम्पथिल’, म्हणजे ‘ॲम्पथिलच्या जवळ’, असे वाक्य तयार होते. रेघा चुकीच्या काढल्या असत्या तर हे वाक्य तयार होणे शक्य नव्हते. म्हणजे ज्याला उत्तर सापडले त्याला आपले उत्तर बरोबर आहे हे चित्रकाराला न विचारताही कळावे, अशी व्यवस्था विल्यम्स यांनी केलेली होती. शिवाय पहिल्याच चित्राच्या चौकटीत ‘आठव्यासाठी सहांपैकी एक’ अशा अर्थाचे शब्द आहेत, जे हेन्रीच्या सहा राण्यांकडे बोट दाखवतात. पण हे शब्द उत्तर कळल्यानंतरच नीट समजतात, आणि तोही दुजोऱ्याचाच एक प्रकार आहे.

आपल्या गटाने भिंतीवरच्या पानांना हीच कसोटी लावावी. अमुक पानानंतर तमुक पान येते असे कोणी म्हटले, तर त्याला एकमेकांवर अवलंबून नसलेली दोन कारणे विचारा. दोन्हींवर पावसाचा उल्लेख आहे एवढे पुरेसे नाही. पण पाऊस आहे, आणि एका पानावर सुरू झालेला प्रवास दुसऱ्या पानावर संपतोही आहे, असे असेल तर ती जोडी जवळजवळ ठेवायला हरकत नाही. सुरुवात मात्र जोड्यांपासून करू नका. आधी कोण बोलते आहे ते ओळखा, कारण या कथेत निवेदक एकाहून अधिक आहेत आणि त्यांच्या बोलण्याची ढब वेगवेगळी आहे. शंभर पानांचे चार-पाच गठ्ठे झाले की काम आवाक्यात येते. नावांवर फार भिस्त ठेवू नका. एकाच नावाची दोन माणसे असू शकतात आणि एकाच माणसाचा उल्लेख दोन नावांनी होऊ शकतो. निश्चित, संभाव्य आणि नुसता तर्क अशा तीन प्रकारच्या जोडण्यांसाठी तीन रंगांचे दोरे वापरा, आणि नुसत्या तर्काच्या दोऱ्यावर दुसरा तर्क कधीही उभारू नका. गटात मतभेद होतात ते बहुतेक तेथेच होतात.

प्रश्न : हे पुस्तक सोडवण्यासाठी इंग्रजी साहित्याचे ज्ञान असावेच लागते का? मराठी माध्यमात शिकलेल्या वाचकाने त्याच्या वाटेला जावे का?
(वाचक, नागपूर)

उत्तर : अवश्य जावे, पण तयारी ठेवून. मॅथर्स यांच्या मजकुरात इंग्रजी कवितांच्या ओळी, बायबलमधील उल्लेख आणि 1930च्या दशकातील वाचकाला सहज ओळखू येणारे संदर्भ दडलेले आहेत. त्या काळच्या वाचकाला ते पाठांतरातून किंवा ग्रंथालयातून शोधावे लागत. आज ओळ संशय येण्याजोगी वाटली की ती शोधून काढणे क्षणाचे काम आहे. संशय येणे हे कौशल्य मात्र वाचकाचेच असते, आणि ज्याने संतांच्या ओव्या किंवा पंडित कवींचे श्लोक बारकाईने वाचले आहेत त्याच्या कानाला उसनी ओळ लगेच जाणवते, ती भाषा कोणतीही असो.

आपल्याला आनंद वाटेल अशी एक गोष्ट येथे सांगतो. मॅथर्स हे कोडेकार होण्याआधी अनुवादक होते, आणि बिल्हण या काश्मिरी कवीच्या ‘चौरपंचाशिका’ या संस्कृत काव्यावरून त्यांनी केलेली स्वैर इंग्रजी रचना 1919 साली प्रसिद्ध झाली होती. हा बिल्हण कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारी होता, आणि त्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग येत होता.

प्रश्न : ‘मास्करेड’मधला सोन्याचा ससा अखेर लबाडीने मिळवला गेला, असे ऐकले. हे खरे आहे का?
(वाचक, पुणे)

उत्तर : खरे आहे. 1982च्या सुरुवातीला ‘केन थॉमस’ असे नाव सांगणाऱ्या एका माणसाने विल्यम्स यांना जागेचा कच्चा नकाशा पाठवला आणि ससा त्याच्या हाती लागला. कोडे त्याने सोडवले नसल्याचे जाणवत होते, पण जागा बरोबर होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत माइक बार्कर आणि जॉन रूसो या भौतिकशास्त्राच्या दोन शिक्षकांचे पत्र आले, आणि त्यात संपूर्ण उकल पायरीपायरीने दिलेली होती. त्यांनी त्या जागी खणलेही होते, पण मातीतला ससा त्यांच्या नजरेतून निसटला. 1988 साली ‘संडे टाइम्स’ने उघड केले की ‘केन थॉमस’ हे नाव खोटे होते, आणि त्या माणसाच्या व्यवसायातील भागीदाराची ओळख विल्यम्स यांच्या पूर्वीच्या मैत्रिणीशी होती. मधल्या काळात तोच ससा बक्षीस म्हणून दाखवून एक संगणकीय खेळही विकला गेला, आणि तो कोणालाही सुटला नाही. 1988च्या डिसेंबरमध्ये सदबीजच्या लिलावात ससा 31,900 पौंडांना गेला.

मला या प्रकरणाचे मनापासून वाईट वाटते, ते बक्षिसासाठी नव्हे. अडीच वर्षे हजारो माणसांनी निष्ठेने केलेल्या वाचनाचा शेवट ज्यांच्या नावाने व्हायला हवा होता, त्यांची नावे बातमीत दुसऱ्या क्रमांकावर गेली. खरी उकल त्या दोन शिक्षकांची आहे, आणि या पुस्तकाविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने ती त्यांच्याच नावे नोंदवावी.

प्रश्न : समासात हस्ताक्षरातल्या नोंदी असलेली ‘एस.’ ही कादंबरी वाचायला घेतली आणि पहिल्या वीस पानांतच गोंधळ उडाला. आधी काय वाचावे?
(वाचक, ठाणे)

उत्तर : डग डॉर्स्ट आणि जे. जे. एब्रम्स यांचे हे 2013चे पुस्तक ग्रंथालयातील जुन्या कादंबरीसारखे दिसते. एरिक आणि जेन हे दोन वाचक तिच्या समासात एकमेकांशी लिहून बोलतात, आणि त्या नोंदी एकाच वेळी लिहिलेल्या नाहीत. शाई पाहिली की काळ कळतो. पेन्सिल ही एरिकची सर्वांत जुनी नोंद; त्यानंतर जेनची निळी आणि एरिकची काळी; मग तिची नारिंगी आणि त्याची हिरवी; त्यापुढे तिची जांभळी आणि त्याची लाल; आणि शेवटी दोघांचीही काळी. माझा सल्ला असा की एकेक प्रकरण आधी छापील मजकुरापुरते वाचावे, मग त्याच प्रकरणातील पेन्सिल आणि निळ्या-काळ्या नोंदी वाचाव्यात, आणि नंतरच्या रंगांकडे पूर्ण कादंबरी संपल्यावर परतावे. तळटिपांमध्ये सांकेतिक निरोप आहेत, त्यामुळे त्या घाईने ओलांडू नयेत. आणखी एक व्यावहारिक सूचना : पानांमध्ये ठेवलेली पत्रे, पोस्टकार्डे आणि रुमालावरचा नकाशा बाहेर काढण्याआधी कोणती वस्तू कोणत्या पानाशी होती हे लिहून ठेवा, कारण वस्तूची जागा हीदेखील माहिती आहे.

प्रश्न : लेखकच हयात नसेल तर अशा शोधात अर्थ उरतो का? येथील काही मराठी मित्र बायरन प्राइस यांच्या पुस्तकातील पेट्या शोधायला निघणार आहेत.
(वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : प्राइस यांनी 1982च्या ‘द सीक्रेट’ या पुस्तकात बारा चित्रे आणि बारा कविता दिल्या, आणि चित्र व कविता यांची योग्य जोडी लावली की उत्तर अमेरिकेतील एका शहरात पुरलेल्या पेटीची जागा कळावी अशी रचना केली. शिकागोची पेटी 1983 साली, क्लीव्हलँडची 2004 साली आणि बॉस्टनची 2019 साली सापडली. प्राइस 2005 साली वारले. तरीही बॉस्टनची उकल त्यानंतर चौदा वर्षांनी झाली, म्हणजे खुणा लेखकावाचूनही बोलू शकतात. फ्रान्समधील सोनेरी घुबडाचा शोध तर 1993 साली सुरू झाला, त्याचा कर्ता 2009 साली वारला, आणि घुबड सापडल्याची घोषणा 2024च्या ऑक्टोबरमध्ये झाली.

अडचण वेगळीच आहे. प्राइस यांच्या खुणा 1980च्या सुमाराच्या बागा, कुंपणे, झाडे आणि पुतळे यांवर आधारलेल्या आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ गोष्टी आज जागेवर नाहीत. म्हणून आपल्या मित्रांनी प्रवासाला निघण्याआधी त्या शहराची जुनी छायाचित्रे आणि नकाशे तेथील सार्वजनिक ग्रंथालयात पाहावेत. बॉस्टनची पेटी सापडली तेव्हा तेथील मैदानाच्या नूतनीकरणाचे काम चालू होते आणि कामगारांच्या मदतीने ती हाती आली, हेही त्यांना सांगा. सार्वजनिक बागेत परवानगीवाचून खणणे हा गुन्हा आहे, आणि अशा खोदकामामुळे पुढच्या शोधकांसाठी नगरपालिकेचे दार बंद होते.

प्रश्न : आमच्या गटाला ‘केन्स जॉबोन’ सुटलेच, तर उत्तर प्रसिद्ध करावे का?
(वाचक, कोल्हापूर, पहिल्याच पत्रातील पुरवणी प्रश्न)

उत्तर : करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. 1930च्या दशकात दोघांनी ते सोडवले, पण उत्तर छापले गेले नाही. पुस्तक 2019 साली लॉरेन्स स्टर्न ट्रस्टच्या पुढाकाराने पुन्हा निघाले, त्यानंतर विनोदी लेखक जॉन फिनेमोर यांनी टाळेबंदीच्या काळात ते सोडवले, आणि त्यांनीही मौन पाळले. त्या मौनामुळेच आपल्याला आज हे पुस्तक कोरे मिळाले आहे. आपली पद्धत मात्र जरूर लिहा : गठ्ठे कसे केले, कोणता तर्क का सोडावा लागला, दोन कारणांचा नियम कोठे उपयोगी पडला. पानांचे क्रमांक आणि पात्रांची नावे वगळून तसा लेख आपण पाठवलात, तर या सदरात त्याला जागा देऊ.