‘मंडळीच्या’ की ‘मंडळींच्या’?

मिरजेच्या एका वाचकांनी एक निमंत्रणपत्रिका पाठवली आहे. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या ख्रिस्ती समुदायाच्या, वर्धापनदिनासाठी त्यांनी ‘मंडळीच्या वतीने सप्रेम निमंत्रण’ असा मजकूर लिहून दिला होता. छापखान्यातील मुद्रितशोधकांनी ‘मंडळी’वर अनुस्वार चढवून ‘मंडळींच्या वतीने’ असे केले आणि ‘जिल्ह्यातील सर्व मंडळ्या सहभागी होतील’ या वाक्यातला ‘मंडळ्या’ हा शब्द मराठीत नाहीच, असे सांगून तेथे ‘मंडळे’ घातले. यात बरोबर काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

दोन्ही ठिकाणी आपलेच बरोबर आहे. हा अनावश्यक अनुस्वार मी साताऱ्यात पत्रिकांवर, फलकांवर आणि श्रद्धांजलीच्या जाहिरातींत इतकी वर्षे पाहत आलो आहे की, आता तो दिसला की हात आपोआप लेखणीकडे जातो. ‘पाहुणेमंडळींना चहा द्या’ या वाक्यात चहा माणसांना द्यायचा असतो, म्हणून तेथे अनेकवचन आणि अनुस्वार दोन्ही योग्य आहेत. पण जी निमंत्रण देते, ठराव करते, पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, बोलावते आणि हिशेब ठेवते ती मंडळी एक आहे. तिचे सामान्यरूप ‘मंडळीच्या’, ‘मंडळीला’, ‘मंडळीने’ असेच होणार. घोटाळा होतो तो भूतकाळामुळे. ‘मुलगी आली’ हे स्त्रीलिंगी एकवचन आणि ‘मुले आली’ हे नपुंसकलिंगी अनेकवचन, परंतु क्रियापद दोन्हीकडे ‘आली’च असल्यामुळे ‘मंडळी आली’ म्हणताना एक संस्था आली की पुष्कळ माणसे आली हे कानाला कळत नाही. पुढे ‘आहे’ किंवा ‘आहेत’ जोडले की कळते.

‘मंडळ्या’ हा शब्द ‘पाद्री मराठी’ आहे, असे म्हणणाऱ्यांनी निदान सांगलीत तरी तसे म्हणू नये. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या गावाला सांगलीकर नाटक मंडळी ठाऊक आहे. तिच्यानंतर १८८० मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळी निघाली, १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली, आणि अशा अनेकींचा उल्लेख करताना सगळा महाराष्ट्र बिनदिक्कत ‘नाटक मंडळ्या’ म्हणत आला. नाटकवाल्यांच्या ‘मंडळ्या’ चालतात आणि बायबलमधील प्रकटीकरण या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातल्या आशियातील सात ‘मंडळ्या’ मात्र चालत नाहीत, हा न्याय मला मान्य नाही. त्यांच्या जागी ‘मंडळे’ घालणे ही तर सरळ चूक आहे, कारण मंडळाला घटना, अध्यक्ष आणि नोंदणी क्रमांक लागतो, तर मंडळी माणसे एकत्र बसताच होते.

एकत्र बसण्यावरूनच मुळाकडे जाता येते, आणि मला या शब्दात खरा आनंद तेथे मिळतो. संस्कृत ‘मंडल’ म्हणजे वर्तुळ. मंडळी म्हणजे वर्तुळात बसलेले लोक; रांगेत उभे असलेले नव्हेत आणि व्यासपीठासमोर मांडलेल्या खुर्च्यांवरचेही नव्हेत. साताऱ्यात मी एकदा एका घरसभेला गेलो होतो. दोन खोल्यांचे घर, जमिनीवर सतरंजी, भिंतीला टेकून बारा-तेरा माणसे गोल बसलेली, आणि पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, दोन प्रती या मांडीवरून त्या मांडीवर सरकत होत्या. प्रत्येकाने एकेक वचन वाचायचे, असा रिवाज होता. एका आजींना अक्षरे दिसत नव्हती. त्यांची पाळी आली तेव्हा शेजारच्या मुलीने वचनाचा पहिला शब्द हळूच सांगितला आणि पुढचे सगळे आजींनी पाठ म्हटले. पुस्तक तेवढा वेळ त्यांच्या मांडीवर उघडे राहिले आणि मग पुढे गेले. वाचन झाल्यावर कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचे काम सुटले आहे याची विचारपूस झाली आणि प्रार्थनेत ती नावे आली. शास्त्रातल्या रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला प्रेषित पौल सलाम सांगतो. मराठी शास्त्रात तेथे तिच्यासाठी ‘ती’ हेच सर्वनाम आहे, आणि त्या संध्याकाळी त्या एकवचनाचा अर्थ मला डोळ्यांनी दिसला.

येथे काही उपदेशकांशी मला स्पष्ट मतभेद नोंदवावा लागतो. मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’; त्याची फोड ‘बाहेर बोलावलेले’ अशी होते, म्हणून ‘मंडळी’ हे भाषांतर दुबळे आहे, असे व्यासपीठावरून वारंवार ऐकू येते. फोड खरी आहे, पण शब्दाचा अर्थ त्याच्या फोडीतून नव्हे, तर वापरातून ठरतो. ग्रीक नगरांत एक्लेसिया म्हणजे नागरिकांची सभा. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिसच्या नाट्यगृहात जो गोंधळी जमाव जमला आणि आपण कशासाठी जमलो आहोत हे ज्यातल्या बहुतेकांना ठाऊकही नव्हते, त्या जमावालाही त्या पुस्तकाचा लेखक लूक एक्लेसियाच म्हणतो. तो जमाव कोणत्या अर्थाने ‘बाहेर बोलावलेला’ होता? मराठी भाषांतरकारांनी तेथे ‘सभा’ हा शब्द घातला आणि विश्वासणाऱ्यांसाठी ‘मंडळी’ राखून ठेवला. एका ग्रीक शब्दासाठी मराठीत दोन शब्द योजले, आणि माझ्या मते ते विचारपूर्वक योजले. शिवाय जुन्या करारात मिसर सोडणाऱ्या इस्राएल लोकांच्या समुदायालाही आपल्याकडे ‘मंडळी’च म्हटले आहे, त्यामुळे जुन्या करारातल्या ‘निर्गम’ या पुस्तकातून पौलाच्या पत्रांपर्यंत येणाऱ्या मराठी वाचकाला रानातून चाललेली मंडळी आणि प्रिस्काच्या घरात बसलेली मंडळी एकाच नावाने भेटते.

आता माझे आवडते मत सांगतो, आणि ते कोणत्याही कोशकाराच्या आधाराशिवाय सांगतो. जुन्या पिढीतले पुरुष पत्नीचे नाव न घेता ‘आमची मंडळी माहेरी गेली आहे’ असे म्हणत. याचे स्पष्टीकरण सहसा संकोच असे दिले जाते. ‘कुटुंब’ या शब्दाप्रमाणे समूहाच्या आड एका व्यक्तीला झाकले, एवढेच. मला ते अपुरे वाटते. घराचे वर्तुळ जिच्यामुळे पुरे होते तिला वर्तुळाचेच नाव मिळाले, असे मी मानतो. हा अर्थ मनात ठेवून इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय मराठीत वाचावा. पतींनी पत्नीवर प्रीती करावी, जशी ख्रिस्ताने मंडळीवर केली आणि स्वतःला तिच्यासाठी अर्पण केले, असे पौल तेथे म्हणतो. ग्रीकमध्येही एक्लेसिया स्त्रीलिंगीच आहे, परंतु तेथे ते केवळ व्याकरणाचे लिंग आहे. मराठीत मात्र ‘मंडळी’ म्हणताच घरातली बाई ऐकू येते आणि पौलाची उपमा शब्दातच आधीपासून बसलेली असते. मिरज कानडी मुलखाच्या वेशीवर असल्यामुळे आपल्याकडच्या काही घरांत कानडी शास्त्रही वाचले जात असेल. त्यात याच अर्थाने ‘सभे’ हा शब्द आहे, आणि तो नपुंसकलिंगी आहे. या वचनापुरते मराठीचे भाग्य थोरच म्हणावे लागेल. मुद्रितशोधकांचा अनुस्वार येथे लावून पाहा: ‘मंडळींवर प्रीती केली’ म्हणताच पुढचे ‘तिच्यासाठी’ मोडून ‘त्यांच्यासाठी’ होते, आणि नवरीचे रूपक एका ठिपक्यात नाहीसे होते.

‘मंडळी’ हा मिशनऱ्यांनी लादलेला शब्द असून आपल्या मातीतला पर्याय ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी दिला, असाही एक युक्तिवाद केला जातो. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसता यावे ही त्यामागची त्यांची तळमळ होती. तिच्याविषयी मला नितांत आदर आहे. परंतु शब्दाच्या कुळाचाच विचार करायचा तर ‘दरबार’ फारसीतून आलेला आहे आणि ‘मंडळी’ संस्कृतातून, त्यामुळे मातीचा दाखला या वादात उलटाच पडतो. दरबारात एक सिंहासन असते आणि बाकीचे अदबीने समोर असतात. देवाला राजा मानणाऱ्या कवीला तो शब्द सुचणे स्वाभाविक होते, आणि भजनासाठी तो शोभतोही. पण माणसांनी एकमेकांकडे तोंड करून बसण्याचा भाव त्यात नाही, आणि करिंथकरांस पहिल्या पत्रात एक अवयव दुखावला तर सगळे अवयव दुखावतात, असे जे म्हटले आहे, ते दरबाऱ्यांना लागू पडत नाही.

पत्रिकेकडे परत येतो. ‘मंडळीच्या’वरचा अनुस्वार काढून टाका आणि ‘मंडळ्या’ पूर्ववत करा. मात्र शेवटच्या ओळीत आपण स्वतःच ‘स्थळ : ख्रिस्ती मंडळी’ असे लिहिले आहे, आणि ती चूक छापखान्याची नाही. ‘मंडळीला रंग दिला’, ‘मंडळीसमोर गाडी लावली’ असे बोलणे अलीकडे वाढले आहे, त्यातलाच हा प्रकार. मंडळी स्थळावर जमते, ती स्वतः स्थळ नसते. रंग भिंतींना देतात, आणि त्या भिंतींसाठी आपल्या आजोबांच्या पिढीकडे ‘देऊळ’ हा सरळ शब्द होता. पत्रिकेत ‘स्थळ : ख्रिस्ती देऊळ’ असे छापावे, ते संकोचाचे वाटल्यास ‘उपासनामंदिर’ चालेल.