सुळे न दाखवणारा ड्रॅक्युला

तुम्ही विचारलंय, १९३१चा 'ड्रॅक्युला' हा भयपट आज बघताना भीती वाटत नाही, मग त्यात रक्तपिपासू काउंट (सरदार) ड्रॅक्युला झालेल्या बेला लुगोसीचं एवढं कौतुक कशाला?

मीही पहिल्यांदा अर्ध्यातच बंद केला होता. रक्ताचे पाट नाहीत, पार्श्वसंगीत जवळपास नाही, आणि सुळे तर अख्ख्या सिनेमात एकदाही दिसत नाहीत.

पुन्हा लावलात तर वाड्याच्या जिन्यावरचा प्रसंग नीट बघा. वाटेत कोळ्याचं भलंमोठं जाळं आहे. लुगोसी पुढे, पाहुणा मागे. बघता बघता लुगोसी जाळ्यापलीकडे पोचतो आणि जाळं जसंच्या तसं! पाहुण्याला मात्र ते काठीने फाडावं लागतं. मग वर खोलीत तो पाहुण्याला पेय देतो, स्वतः घेत नाही. 'मी कधी पीत नाही' म्हणतो, थांबतो, आणि मग सावकाश, 'वाइन'. त्या थांबण्यातच सगळं आलं.

हे काही शूटिंगच्या दिवशी सुचलेलं नव्हे. १९२७पासून न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर त्याने या भूमिकेचे २६१ प्रयोग केले होते, आणि त्याआधी हंगेरीत, बुडापेस्टच्या राष्ट्रीय नाट्यगृहात तो अनेक वर्षं होता. १९१९च्या क्रांतीत नटांची संघटना बांधायला पुढे झाला, क्रांती फसली आणि त्याला देश सोडावा लागला. (मूळ आडनाव ब्लास्को. लुगोश गावचा म्हणून लुगोसी, म्हणजे आपल्या 'कर'सारखंच. ते गाव आता रोमानियात आहे.)

एवढं करून सिनेमाचे पैसे किती मिळाले, तर आठवड्याला ५०० डॉलर, सात आठवडे. हंगेरियन वळणाच्या ज्या उच्चारांनी त्याला नाव दिलं, त्यांनीच पुढे त्याच्यावर शिक्का मारला. भूत, वेडा शास्त्रज्ञ, खलनायक, आलटून पालटून तेच. गंमत म्हणजे मोठ्या पडद्यावर खुद्द काउंट ड्रॅक्युला त्याने आणखी एकदाच केला, तोही १९४८च्या एका विनोदी सिनेमात. १९५६ साली तो गेला तेव्हा त्याला ड्रॅक्युलाच्या केपमध्ये (खांद्यावरच्या लांब झग्यात) पुरलं. ही त्याची शेवटची इच्छा होती असं बऱ्याच ठिकाणी वाचाल, पण मुलाच्या सांगण्यानुसार तो निर्णय मुलाचा आणि मुलाच्या आईचा होता.

पटत नसेल तर त्याच सेटवर रात्रपाळीत चित्रित झालेली स्पॅनिश आवृत्ती मिळवून बघा. कॅमेऱ्याची हालचाल तिथे जास्त सफाईदार आहे, हे मान्य. पण काउंट जिन्यावर आला की मला लुगोसीचीच उणीव भासते.