पाण्यातलं झाड

प्रश्न : तळ्याकाठचं दृश्य जलरंगात करते आहे. पाण्यातली झाडं काठावरच्या झाडांइतकीच ठसठशीत येतात, चित्र उलटं धरलं तरी फरक कळत नाही. मागचे तिन्ही डोंगरही पुढे येऊन बसतात. कुठे चुकतंय?

उत्तर : उलटं धरून पाहिलंत हे बरं केलंत, दुखणं तिथेच आहे. तुम्ही एकच झाड दोनदा रंगवलंय, आणि बहुधा काठ वाळल्यावर पाण्याला हात घातलाय. मी दोन्ही एका दमात करतो. झाड ओलं असतानाच त्याच रंगात थोडं पाणी घालून ब्रश सरळ खाली ओढतो. कागद चकाकत असेल तर मात्र थांबायचं. चमक गेली पण हाताला अजून गार लागतोय, तेव्हा रंग हवा तेवढाच पसरतो. घाई केलीत तर झाड विरघळतं, उशीर केलात तर कडा कात्रीने कापल्यासारख्या येतात. आणि वाळत आलेल्या रंगावर निथळता ब्रश टेकवलात तर फ्लॉवरचा गड्डा उमटतो. माझ्या फायलीत असे गड्डे भरपूर आहेत.

गडद वस्तू पाण्यात जरा फिकी दिसते, उजळ वस्तू जरा मळते. म्हणून पांढऱ्या भिंतीखालचं पाणी कोरं सोडू नका. डावीकडे झुकलेलं खोड पाण्यातही डावीकडेच झुकतं. इथे भलेभले चुकतात. काठापासून मागे असलेलं झाड तर पाण्यात पूर्ण उतरतच नाही. त्याचं बूड काठ झाकतो, वरचाच भाग दिसतो.

डोंगरांचं सोपं आहे. मधली हवा उजेड विखुरते, त्यात निळा जास्त, म्हणून लांबचं निळसर आणि फिकं. अल्ट्रामरीन या गडद निळ्यात किंचित बर्न्ट सिएन्ना, म्हणजे तांबूस तपकिरी, घाला. सर्वांत मागचा डोंगर ब्रश धुतलेल्या पाण्याइतका पातळ. तो पूर्ण वाळला की पुढचा, कमी पाण्याचा. पायथे स्वच्छ ओल्या ब्रशने विरवा. हिरवा फक्त पुढच्यासाठी राखा. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, हेही धरून चला.

सगळं वाळलं की चपटा ब्रश ओला करून पिळा, पाण्यावरून एकदाच आडवा फिरवा आणि लगेच टिश्यूने टिपा. वाऱ्याची उजळ रेघ मिळते. 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम भरणारा जाड सुती कागद हे सोसतो, हलक्या कागदाची साल निघते. रेघ अगदी आडवी हवी. जरा तिरपी झाली की तळं सांडतं.