स्कॅन करून झाल्यावर वडिलांच्या जुन्या निगेटिव्ह टाकून दिल्या तर चालेल का? नाहीतर घरी कशा ठेवायच्या?

टाकू नका. खरं तर एवढंच उत्तर आहे, पण विषय निघालाच आहे तर सांगतो.

आमचं घर सांगलीत, गावभागात. अण्णांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता, एका रोलला बाराच फोटो, त्यामुळं माणूस उगाच बटण दाबायचा नाही. सगळ्या निगेटिव्ह खाटेखालच्या ट्रंकेत. २००५ च्या पुरात पाणी आमच्या उंबऱ्याला लागून परत गेलेलं, म्हणून २०१९ च्या ऑगस्टमध्ये घर सोडताना दादा म्हणाला, ट्रंक राहू दे रे, आत नाही येत पाणी. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. खाट बुडाली.

परत आलो तर ट्रंकेत निम्मा चिखल. दादानं गठ्ठेच्या गठ्ठे उचलून गच्चीवर उन्हात टाकले, दुपारपर्यंत त्यांची वीट झाली. फिल्मवरचा थर जिलेटिनचा, भिजला की फुगतो, चिकट होतो, आणि एकावर एक तसाच वाळला की ब्लेडनं पण सुटत नाही. एक डबा मी आधीच बाजूला काढून बादलीत गार पाण्यात बुडवला होता, त्यावरून काय काय ऐकून घेतलं, 'भिजलेलं परत भिजवतोय शहाणा'. रात्री मी आणि हिनं पाण्यातच एकेक पट्टी सोडवली, कडेला धरून, चांगल्या पाण्यातून काढून कपड्यांच्या दोरीला चिमट्यानं टांगली. बऱ्याच पट्ट्यांवरचं चित्रच वाहून गेलेलं. पण औदुंबरच्या घाटावरची आई वाचली, लुगड्याचा काठ सुद्धा दिसतो.

'स्कॅन आहेत की!' दादाचं अजून हेच. ते स्कॅन १२०० बाय १८०० पिक्सेलचे, चार बाय सहाच्या कॉपीपुरते. अण्णा गेल्यावर भिंतीवर लावायला मोठा करायला गेलो तर मिशीचे नुसते चौकोन. निगेटिव्हवरून दहा वेळा स्कॅन निघतो, स्कॅनवरून निगेटिव्ह निघते का? गेल्या दिवाळीला पण विचारलं, उठून गेला.

हां, ठेवायचं कसं. पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकचे स्लीव्ह, म्हणजे पट्ट्या घालायचे कप्पे, घ्या, पीव्हीसीचे नको. माळ्यावर पत्र्याखाली नको, खाली ट्रंकेत तर नाहीच नाही, मधल्या खोलीतल्या कपाटाचा वरचा कप्पा बरा, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. प्रिंटच्या मागं बॉलपेननं लिहू नका, वळ पुढं उमटतात, मऊ पेन्सिल वापरा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो जमतील तेवढे बाहेर काढा.

बादलीचं वर लिहिलं ते दोन दिवसांपुरतंच बरं का, जास्त ठेवलं तर थरच सुटतो. जुन्या काचेच्या प्लेटा असतील तर हा प्रयोग करू नका, आधी जाणकाराला दाखवा. आणि एखाद्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर तो लगेच बाकीच्यांपासून लांब ठेवा. आमच्या विटेला अजून येत नाही, कपाटातच ठेवलीय, दादा आला की चहाबरोबर बाहेर काढतो.